घरांच्या फोटोंसाठी एडिटिंग सॉफ्टवेअर कसं निवडलं : माझा अनुभव

मी गोव्यातल्या डिचोलीचा फोटोग्राफर. आधी लग्नं-मुंजी करायचो, आता बरंचसं काम घरांचंच असतं. पर्वरीचे विकायचे फ्लॅट, आसगाव-शिवोलीकडचे भाड्याचे व्हिला, आणि मधूनच एखादं जुनं पोर्तुगीज काळातलं घर जे मालकांनी होमस्टेसाठी उघडायचं ठरवलेलं असतं. लग्नाच्या फोटोत चेहरा चांगला आला की लोक खूश, मागची भिंत जरा कलली तर कोण बघतंय. घराच्या फोटोत भिंत हाच चेहरा. त्यामुळे हातात जे जुनं सॉफ्टवेअर होतं ते पुरेना आणि मी नवीन शोधायला लागलो.

यूट्यूबवर बघायला गेलं तर प्रत्येक जण आपलंच सॉफ्टवेअर कसं बेस्ट ते सांगतो आणि खाली डिस्काउंटची लिंक देतो. म्हणून मी वेगळं केलं. हळदोण्याला एक जुनं घर शूट केलं होतं, त्याच्या हॉलची एकच फ्रेम घेतली आणि ठरवलं की जे कोणी ही फ्रेम नीट करेल तेच घ्यायचं. त्या एका फ्रेममध्ये सगळं होतं बघा : तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन, पांढरं रंगवलेलं लाकडी छत, शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी बंद आणि दुसरी उघडी, उघडीतून दिसणारे माड नि फणस, आणि आत पिवळे एलईडी. वाइड लेन्स, ट्रायपॉड, एफ ८, आयएसओ १००, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने पाच एक्स्पोजर, म्हणजे तीच फ्रेम पाच वेळा, दर वेळी उजेड कमी-जास्त करून. एकात बाहेरचं नीट दिसतं पण आत काळोख, दुसऱ्यात आतलं दिसतं पण खिडकी पांढरीफट्ट. हे पाच एकत्र करणं म्हणजे निम्मं काम.

सुरुवात फुकटपासून केली, गोवा असो की कुठेही, आपण फुकटचं आधी बघणारच. डार्कटेबल ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. त्यातलं रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह मॉड्यूल खरंच भारी आहे, भिंतीच्या रेषा स्वतः ओळखतं आणि उभं-आडवं सरळ करून देतं, आणि मास्कही (फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून बदलायचा) एकदम बारीक करता येतात. पण प्रत्येक गोष्टीला तीन मॉड्यूल आणि कुठलं कुणाच्या आधी लागतं हे समजून घ्यायला निवांत वेळ पाहिजे, तो माझ्याकडे पावसाळ्यात असतो, सीझनला नाही. पाच फोटो जोडायला मी त्याच्यासोबत एनफ्युज वापरून बघितलं, तेही फुकट, हगिन नावाच्या पॅनोरमा सॉफ्टवेअरबरोबर येतं. आणि इथेच मला एक गोष्ट कळली जी कुठल्या व्हिडिओत नीट सांगत नाहीत. एचडीआर आणि एक्स्पोजर फ्यूजन ह्या फोटो जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एचडीआरमध्ये आधी सगळा उजेड एका मोठ्या फाइलमध्ये भरतात आणि मग टोनमॅपिंग करून तो स्क्रीनवर मावेल एवढा दाबतात, तर फ्यूजनमध्ये प्रत्येक फोटोतला जो भाग नीट उजळलाय तेवढाच उचलून जोडतात. एनफ्युज हे फ्यूजन करतं, त्याचा फोटो थोडा फिका येतो, पण खरा वाटतो. फोटोमॅटिक्स ह्या एचडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये मी टोनमॅपिंगचा स्लायडर जरा पुढे नेला तर चुना लावलेल्या भिंतीवरचा प्रत्येक ओलाव्याचा डाग असा उठून आला की घर पन्नास वर्षं बंद पडल्यासारखं वाटावं. त्यातही फ्यूजनचा पर्याय आहे म्हणा, तो बरा.

ल्युमिनार निओ पण बघितलं. शिकायला सोपं, आभाळ बदलायला तर एक क्लिक. आता ह्या आभाळाविषयी थोडं बोलतोच, कारण गोव्यात जून ते सप्टेंबर हा मोठा विषय आहे. एजंटला जुलैमध्ये फ्लॅट विकायचा असतो आणि त्याला निळं आभाळ पाहिजे. "दादा, थोडं ब्लू करून द्या ना." फोटोशॉपमध्येही २०२० पासून स्काय रिप्लेसमेंट आहे, कठीण काही नाही. पण खाली चिऱ्यांची भिंत भिजून काळपट झालेली, कुंपणावर शेवाळ, कशाचीच सावली जमिनीवर नाही, आणि वर डिसेंबरचं ऊन! बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खोटं वाटतंच. स्विमिंग पूल असेल तर अजून मजा, आभाळ निळं आणि पाण्यात करडं. ल्युमिनारमध्ये पाण्यातलं प्रतिबिंब बदलायची सोय आहे, पण ओली भिंत कोण वाळवणार? मी आता पावसाळ्यात हलके पांढरे ढग एवढंच घालतो. विजेच्या तारा, शेजारची बिल्डिंग, समोरचा ट्रान्सफॉर्मर हे मात्र काढत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. नवीन प्रोजेक्टच्या बाबतीत तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ च आहे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. एजंटला हे सांगितलं की तो विषय बदलतो.

कॅप्चर वनचे रंग मला सगळ्यात आवडले. तांबड्या जमिनीची लाली छतावर चढते ना, पांढरं छत गुलाबी दिसायला लागतं, आणि खिडकीच्या बाजूची भिंत झाडांमुळे हिरवट, ते त्याच्या कलर एडिटरने इतकं सुंदर वेगळं करता येतं की काय सांगू. एकदाच पैसे भरून घ्यायचा पर्यायही आहे. पण ती किंमत माझ्या बजेटमध्ये बसेना, आणि फोटोशॉपसारखं लेयरचं (एकावर एक फोटो ठेवून करायचं) काम करायला दुसरं काहीतरी लागणारच.

लाइटरूम क्लासिक मी शेवटी बघितलं कारण मला दर महिन्याचा हप्ता नको होता. ट्रायल सातच दिवसांची असते, म्हणून आधी शूट करून ठेवलं आणि मग ट्रायल चालू केली, तुम्हीही तसंच करा. त्यात माझं काम मार्गी लागलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे गायडेड अपराइट, दाराच्या चौकटीवर एक रेघ, खांबावर एक रेघ ओढली की फोटो सरळ. जुन्या घरांत हे फार लागतं, कारण तिथे भिंतच मुळात वाकडी असते, ऑटोवर टाकलं तर सॉफ्टवेअर गोंधळतं, कुठली रेघ खरी ते आपणच सांगावं लागतं. दुसरं म्हणजे एका व्हिलाचे तीस सीन धरले तर दीडशे रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइली होतात, त्या काढलेल्या वेळेप्रमाणे आपोआप गठ्ठे करून सगळ्यांचं एचडीआर एकदम लावून जेवायला जाता येतं. आणि जोडून झालेली फाइल डीएनजी असते, म्हणजे तिचा व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळी-निळी झाक) नंतरही रॉसारखाच बदलता येतो. डीघोस्ट (हलणाऱ्या गोष्टी दुहेरी दिसू नयेत म्हणूनची सोय) मी बंद ठेवतो, फक्त खिडकीबाहेर माडाची झावळं हलत असली तर थोडं लावतो. (पंखे शूटच्या वेळीच बंद करायचे, घरवाले घामाघूम झाले तरी.)

तरी खिडकी राहतेच. एचडीआरमध्ये बाहेरची झाडं दिसतात पण धुरकट. म्हणून मी मुख्य खोल्यांमध्ये एक फ्रेम फ्लॅश मारून वेगळी काढतो, बाहेरच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर ठेवून, आणि ती फोटोशॉपमध्ये वर ठेवून लेयर डार्कन मोडवर टाकतो (दोन्हींतलं जे गडद तेवढंच दिसतं), मग फक्त खिडकीपुरता मास्क. फ्लॅशने खिडकीची चौकट उजळते त्यामुळे डार्कनमध्ये ती जशीच्या तशी राहते आणि काचेतलं बाहेरचं तेवढं खाली येतं. फ्लॅशच्या फ्रेममध्ये भिंतीचा खरा रंगही मिळतो, गुलाबी-हिरवं सगळं जातं.

पण तेही किती न्यायचं ते बघावं लागतं. हळदोण्याच्या आंटीला मी पहिला फोटो दाखवला, छत एकदम स्वच्छ पांढरं केलेला, तर त्या म्हणाल्या, "म्हजें घर इतलें धवें ना रे बाबा." त्यांचं बरोबर होतं, संध्याकाळी त्या हॉलमध्ये बसलं की तांबडी छटा असतेच. मग लाली निम्मीच काढली.

तर घेतलं काय, लाइटरूम-फोटोशॉपचा फोटोग्राफी प्लॅन. वर्षाचा करार आणि हप्ता महिन्याला असा घेतला तर मध्येच सोडताना दंड बसतो, ते आधी वाचून घ्या, कारण आपलं उत्पन्न ऑक्टोबर ते मे आणि हप्ता मात्र बारा महिने. मी तो खर्च एका शूटच्या रेटमध्ये किती पडतो ते काढून रेट तेवढा वाढवला, कोणी कुरकुर केली नाही.

माझा मामेभाऊ आता हेच काम सुरू करतोय, त्याला मी हप्ता घेऊ नको म्हटलं. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी कॅनव्हाने ॲफिनिटी हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर फुकट केलं, त्यात लेयर, मास्क, डार्कन मोड, एचडीआर मर्ज सगळं आहे, फक्त एआयवाल्या सोयींना पैसे पडतात आणि त्या घरांच्या फोटोंना तशा लागतही नाहीत. रॉ आणि भिंती सरळ करायला डार्कटेबल, खिडकीला ॲफिनिटी. त्याला वेळ आहे, शिकेल. पर्वरीचे दोन-तीन एजंट कायमचे धरले की मग बघू म्हणाला.