अंबू बॅग माझ्या हातात होती

भाताच्या लावणीचे दिवस, पावसाची रात्र. बेळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नाइट ड्युटीवर होते. पहाटे चारच्या सुमारास जंगलाकडच्या वाडीवरून एका पोराला जीपमधून आणलं. चालत आत आला. "सिस्टर, पोटात लई दुखतंय," म्हणाला. पापण्या जड झालेल्या. अंगावर दंशाची खूण नाही, पण जमिनीवर चटईवर झोपला होता. डॉक्टर म्हणाले, मण्यार.

मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. सर्पविषावरच्या औषधाच्या १० बाटल्या सलाइनमधून सुरू केल्या. पण मण्यारीच्या विषाने एकदा नसांची टोकं निकामी झाली, की औषध देऊनही लकवा चढत राहू शकतो. तसंच झालं. तासाभरात त्याची जीभ जड झाली, मान टाकली, श्वास उथळ झाला. डॉक्टरांनी नळी घातली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. बेळगावला न्यायला ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिले, दर ५-६ सेकंदांनी एकदा.

दारातून भावाने एवढंच पाहिलं: बोलत आलेला पोरगा सुई दिल्यावर मुका झाला. "मारलं रे माझ्या भावाला!" सलाइनचा स्टँड उचलून तो आत घुसला. पहिला घाव ट्रेवर, दुसरा माझ्या डाव्या मनगटावर. बॅग सुटली. वेदनेपेक्षा ती सुटल्याची भीती मोठी होती. मी उजव्या हाताने ती पुन्हा धरली. त्याने परत स्टँड उगारला, तेव्हा आमच्या आयाबाई मध्ये उभ्या राहून ओरडल्या, "अरे, तिच्या हातात तुझ्या भावाचा श्वास आहे!"

तो थांबला. मग मटकन खाली बसला.

ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर बॅग दाबत गेले. पोरगा काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून वाचला. माझं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

कर्नाटकात दवाखान्यातल्या हिंसेविरुद्ध २००९ चा कायदा आहे: कैद, दंड, गुन्हा अजामीनपात्र. त्याचा फलक आमच्या दारातच होता, कन्नड आणि इंग्रजीत. रात्री दाराशी वॉचमन मात्र नव्हता. तो मागून मागून आम्ही थकलो होतो. वाडीतली मोठी माणसं घरी आली, "पोर वाचलंय, मिटवून टाका बाई." त्याच्या आईचं रडणं मला बघवलं नाही, तरी मी तक्रार दिली. जीव वाचवणाऱ्या हातावर घाव घालून ते घरातल्या घरात मिटत असेल, तर उद्या रात्रपाळीला कोण उभं राहील?

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. डॉक्टर कन्नड बोलणारे, नातेवाईक मराठी. तासभर त्यांना कुणीच काही नीट सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता सापाचा पेशंट आला की सलाइन लावता लावताच मी सांगते, "पापण्या अजून मिटतील, बोलणं बंद पडेल. ते विषामुळं, औषधामुळं नाही. आम्ही श्वास देत राहू. तुम्ही इथंच, मला दिसाल असे बसा."