सातने भागून पाहिलेस का?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी इष्टिकाचितीच्या एका जुन्या प्रश्नावर काम करत होतो. तिन्ही कडा, तिन्ही प्रकारच्या पृष्ठांचे कर्ण आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आरपार जाणारा कर्ण ही सातही मापे पूर्णांक असतील अशी इष्टिकाचिती असते का, हा तो प्रश्न. आरपार कर्णाची अट सोडली तर उदाहरणे भरपूर मिळतात आणि त्यांना ऑयलरच्या विटा म्हणतात. सर्वांत लहान विटेच्या कडा 44, 117 आणि 240 असून ती पाउल हाल्के यांनी 1719 मध्येच शोधली होती. सातही मापे जुळणारी वीट मात्र आजवर सापडलेली नाही आणि ती असूच शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

माझा प्रोग्राम पायथागोरसची त्रिकुटे एकमेकांशी जुळवून विटा तयार करत असे आणि मग आरपार कर्णाची चाचणी घेत असे. तीन दिवस तो अखंड चालू होता. चौथ्या दिवशी सकाळी निकालाच्या फाइलमध्ये एक ओळ उमटलेली दिसली. ती मी किती वेळा वाचली असेन, कोण जाणे. शोधनिबंधाचे पहिले वाक्यसुद्धा मनात तयार झाले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

मार्गदर्शक मॅडमनी कागद हातात घेतला, पण संगणकाकडे पाहिलेही नाही. तिन्ही अकरा अंकी कडांना त्यांनी पेन्सिलने, शाळेत करतात तसा, सातने भाग दिला. बाक्या आल्या 3, 4 आणि 3. "सातने भागून पाहिलेस का?" एवढे विचारून त्यांनी कागद परत दिला.

मला उलगडा व्हायला काही मिनिटे लागली. कोणत्याही वर्गाला 7 ने भागले तर बाकी 0, 1, 2 किंवा 4 एवढीच येऊ शकते. एकाही कडेला 7 ने भाग जात नसेल, तर कडांच्या वर्गांसाठी 1, 2 आणि 4 याच बाक्या उरतात. त्यांतल्या दोन वेगळ्या बाक्या मिळवल्या तर 3, 5 किंवा 6 येतात आणि यांपैकी एकही वर्गाची बाकी नाही. म्हणून पृष्ठांचे कर्ण पूर्णांक असतील, तर तिन्ही कडांच्या वर्गांची बाकी एकच असली पाहिजे; माझ्या विटेत ती तिन्ही ठिकाणी 2 होती. मग आरपार कर्णाच्या वर्गाची बाकी तिच्या तिप्पट, म्हणजे 6, आणि तसा वर्गच नसतो. थोडक्यात, सातही मापे जुळायची असतील तर निदान एका कडेला 7 ने भाग गेलाच पाहिजे. हाल्के यांची छोटी वीटही याच कारणाने बाद होते.

त्रिकुटांचा भाग पूर्णांकांतच चालत असल्यामुळे संशय वर्गमूळावरच गेला. कडांच्या वर्गांची बेरीज 22 अंकी होती; ती 64 बिटांच्या पूर्णांकात मावत नाही म्हणून मी ती फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे मोठ्या संख्येचे फक्त सुरुवातीचे ठरावीक अंक ठेवणाऱ्या प्रकारात, टाकली होती आणि वर्गमूळ पूर्णांक दिसले की उत्तर खरे मानत होतो. या प्रकारात संख्येचे 53 द्विमान अंकच टिकतात. पडताळणीसाठी मी एक लहान उदाहरण घेतले: 67108865 च्या वर्गातून 1 वजा केला की 4503599761588224 मिळतात. ही संख्या तर या प्रकारात अचूक मावते, तरीही तिचे वर्गमूळ यंत्राने तंतोतंत 67108865 दिले, कारण खरे उत्तर त्याच्या इतके जवळ आहे की साठवताना ते त्याच पूर्णांकावर येऊन बसते. माझ्या विटेची बेरीज सगळे अंक टिकवणाऱ्या मोठ्या पूर्णांकांत नव्याने काढली, तेव्हा ती जवळच्या पूर्ण वर्गापासून दोन लाखांहून अधिक दूर निघाली. एवढी तफावत गिळून प्रोग्रामने "सापडली" असे छापले होते!

त्याच दुपारी मी वर्गमूळाची चाचणी पूर्णांकांत आणली: मूळ काढायचे, त्याचा पुन्हा वर्ग करायचा आणि तो बेरजेशी ताडून पाहायचा. तिच्या आधी सातची चाळणी लावली, त्यामुळे कितीतरी विटा वर्गमूळापर्यंत पोहोचण्याआधीच गळू लागल्या. कडांच्या लांबीची तीच मर्यादा ठेवून प्रोग्राम पुन्हा चालवला, तेव्हा निकालाची फाइल रिकामी आली. मॅडमनी ती पाहिली आणि आता मर्यादा कितीपर्यंत वाढवणार आहेस, एवढेच विचारले.