घर काझेलला, मग नोंदणी ट्रिअरला का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. जर्मनीतल्या ट्रिअर शहरात शिकणाऱ्यांना किंवा तिथून रोज लक्झेंबर्गला कामाला जाणाऱ्यांना शहरात घर मिळालं नाही, की ते रूवर नदीच्या खोऱ्यातलं एखादं गाव बघतात. मग हमखास प्रश्न येतो: घर काझेलला आहे, आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, कुठे करायचं?

वाल्ड्राख या गावी. ट्रिअरच्या कचेरीत रांग लावलीत तर परत पाठवतील. काझेल शहराच्या अगदी जवळ असलं तरी ते स्वतंत्र गाव आहे. आपल्याकडचं गाव-तालुका-जिल्हा आठवा, म्हणजे गुंता सुटेल. काझेल ही ओर्ट्सगेमाइंडे, म्हणजे गाव. अशी वीस गावं मिळून फेरबान्ड्सगेमाइंडे रूवर, म्हणजे तालुक्यासारखा गट, होते, तिची कचेरी वाल्ड्राखला. तिच्यावर ट्रिअर-झारबुर्ग जिल्हा. गंमत अशी, की ट्रिअर शहर या जिल्ह्यात मोडत नाही, पण जिल्ह्याची कचेरी मात्र ट्रिअरमध्येच आहे. त्यात ‘रूवर’ नावाची वस्ती १९६९पासून ट्रिअर शहराचा भाग आहे. म्हणून जाहिरातीत नुसतं ‘रूवर’ दिसलं तर घरमालकाला आधी विचारा: ट्रिअर-रूवर, की फेरबान्ड्सगेमाइंडे रूवर?

नोंदणीची मुदत दोन आठवडे. ती राहायला गेल्याच्या दिवसापासून मोजतात, करारावरच्या तारखेपासून नाही. राहायला जायच्या आधी नोंदणी होत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट न्या. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, भाषांतरासह, जवळ ठेवा. पण काम अडतं ते बहुतेक वेळा वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगपाशी, म्हणजे घर देणाऱ्याने सही करून द्यायच्या कागदापाशी. भाडेकरार दाखवून भागत नाही. त्या कागदावर घरमालकाचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवं. घरमालक नुसतं नवऱ्याचं नाव लिहून मोकळा होतो आणि बायको-मुलांची नोंदणी लटकते. सही घेतानाच एकेक नाव पासपोर्टशी ताडून बघा.

पत्त्यात ‘काझेल’ लिहायलाच हवं. ५४३१७ हा पिनकोड आजूबाजूच्या गावांचाही आहे. स्पेलिंगमध्ये एकच एस; दोन एस लिहिलेत तर ते हेसे या दुसऱ्या राज्यातलं मोठं शहर होतं.

त्याच दिवशी टपालपेटीवर आडनाव चिकटवा. अकरा आकडी करक्रमांक पत्रानेच येतो. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि क्रमांक वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर पूर्ण नाव लावा.

व्हिसाची मुदतवाढ आणि वाहन परवाना ही कामं जिल्ह्याकडे. भारतीय परवाना राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो; पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गावात राहायचं तर गाडीची गरज लवकर पडते. पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका, पहिल्या महिन्यातच अर्ज टाका.

आणि गावचा ओर्ट्सब्युर्गरमाइस्टर, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचासारखा गावप्रमुख? तो मानद असतो, पोटापाण्याचं काम वेगळं सांभाळून गाव बघतो. नोंदणीचा शिक्का त्याच्याकडे नसतो. पण वाढदिवसाला गावचं सभागृह हवं असेल, मुलांच्या मैदानातला झोका तुटला असेल, तर त्यालाच भेटा. नवीन आलात की एकदा जाऊन ओळख करून घ्याच.