चीनची भिंत आणि आमची चौकट

१९९६ साल. मी एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक होतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हापासून प्रत्येक वर्तमानपत्राला त्यावर काहीतरी हवं होतं. मला विषय मिळाला : 'इंटरनेटवरचे चक्रम'. मथळा आधी ठरला, मजकूर मागून. ही आमच्या धंद्यातली वाईट खोड आहे.

एका मित्राच्या शेल अकाउंटवरून, म्हणजे नुसत्या मजकुरापुरत्या इंटरनेट जोडणीवरून, तीन रात्री युजनेट वाचलं. युजनेट म्हणजे विषयवार गटांत लोकांनी लिहायचं आणि वाचायचं जगभरचं चर्चापीठ. काळा पडदा, नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. नावं वहीत उतरवून घेतली. टीव्हीवरच्या बार्नी डायनासोरच्या मरणाची वाट पाहणारा एक गट, 'मपेट शो'तल्या स्वीडिश शेफ या बाहुल्याच्या 'बोर्क बोर्क बोर्क'साठी एक. एवढ्यावर लेख उरकला असता.

तिसऱ्या रात्री 'ऑल्ट डॉट फोकलोर डॉट अर्बन' सापडला. ऐकीव दंतकथा तपासणारी माणसं. त्यांनी नेहमीच्या प्रश्नांची लांबलचक यादी केली होती आणि प्रत्येक विधानापुढे शेरा होता : खरं म्हणजे 'टी', खोटं म्हणजे 'एफ'. खरं वाटतं पण सिद्ध झालेलं नाही, त्याला 'टीबी'. खोटं वाटतं, त्याला 'एफबी'. मी कितीतरी वेळ त्या शेऱ्यांकडेच पाहत बसलो. आमच्या डेस्कवर कॉपीला दोनच गती होत्या, लागली किंवा कापली. 'खरं असावं, पण खात्री नाही' असं लिहायची सोयच नव्हती.

चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हेही त्यांनी खोट्यात काढलं होतं. महिन्यापूर्वी आमच्याच पुरवणीत सामान्यज्ञानाच्या चौकटीत ते छापलं होतं आणि ती चौकट मीच लावली होती. कागदावर हिशेब मांडला. भिंतीची रुंदी सहा-सात मीटर, चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर. म्हणजे डोक्याचा एक केस जवळपास चार किलोमीटरवरून पाहायचा! पाच मिनिटांचं गणित. छापण्याआधी ते आमच्यापैकी कुणीही केलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

लेखाचा अर्धा भाग मी या गटावर लिहिला आणि शेवटी भिंतीचा खुलासा जोडला. लोक बिनपगारी, फावल्या वेळात इतक्या चिकाटीने शहानिशा करतात, हे वाचकाला कळावं असं मला फार वाटत होतं. पान सोडायच्या वेळी वरिष्ठांनी हे दोन्ही भाग काढले. म्हणाले, "अहो, यात चक्रम काय आहे? आणि आपलीच चूक आपण कशाला सांगायची?" मी वाद घातला, पण जाहिरात आली होती, जागा कमी होती, आणि दहाला पान जायचं होतं. मी माझं नाव तरी काढून घ्यायला हवं होतं. तेही केलं नाही.

रविवारी बार्नी ठळक छापून आला. त्या आठवड्यात चार वाचकांची पत्रं आली, चारही बार्नीवर. भिंतीचा खुलासा मी तिथे होतो तोवर छापला गेला नाही.