कासला जायचं तर पोरांना घेऊनच

सप्टेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू: "फुलं आली का गं?" साताऱ्यात राहायचं म्हणजे हे आलंच! माझं उत्तर ठरलेलं. ऑनलाइन बुकिंग करा, शनिवार-रविवार सोडून या आणि मुलांना आणा.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार. 2012 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी वाढली. मोठी माणसं तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापुढे सेल्फी काढण्यात गुंग. मुलांना मात्र खाली बसायला सांगा. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यात पोषण कमी. म्हणून इथल्या काही झाडांनी किडे खायचा मार्ग धरलाय. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्यात अडकलेलं चिलट माझ्या भाच्याने एवढा वेळ बघितलं की मागची रांग वैतागली. सीतेची आसवं ही फुलं दिसायला नाजूक निळी-जांभळी, पण जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत तीही शिकार करतात. हे कळल्यावर पोरगं प्रत्येक फुलाला "हे काय खातं?" विचारत सुटलं. फुलांवर पाय नाही, फूल तोडायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

रेनकोट, जुने बूट आणि घरचा डबा घ्या. येताना कंदी पेढे घ्यालच, ते सांगायला नको. आणि हो, आमच्याकडे जेवायला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा.