रकान्यात न मावलेली अट

आमच्या महाविद्यालयात ४१ देणगी पारितोषिके आहेत आणि गेली नऊ वर्षे त्यांचे रजिस्टर माझ्या टेबलावर आहे. देणगीदाराने दिलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि वर्षाच्या व्याजातून पदक किंवा पुस्तके द्यायची, अशी ही जुनी व्यवस्था आहे. ५००१ रुपयांच्या ठेवीवर बारा टक्क्यांच्या काळात सहाशे रुपये मिळत. व्याजदर साडेपाच टक्क्यांवर आले तेव्हा तेच व्याज २७५ रुपयांवर आले. त्यामुळे आता पदकाचा बहुतेक खर्च महाविद्यालयच करते आणि ‘सुवर्णपदक’ म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे पदक, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

मराठी विषयाची पारितोषिके आम्ही २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमातच देतो. गेल्या वर्षी त्याच्या आठ दिवस आधी सराफ बाजारातील कारागिराचा दूरध्वनी आला, की नावे संध्याकाळपर्यंत मिळाली नाहीत तर कोरून होणार नाहीत. एक नाव अडले होते. पदवी परीक्षेत मराठीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यासाठी असलेल्या पारितोषिकाला दोन विद्यार्थिनी पात्र ठरत होत्या, कारण दोघींची श्रेणींची सरासरी दहापैकी ९.१२ होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवीच्या वर्गांना २०१९-२०पासून श्रेयांक पद्धत, म्हणजे एकूण गुणांऐवजी श्रेणींची सरासरी काढण्याची पद्धत, लागू केल्यानंतर अशी बरोबरी वारंवार होऊ लागली आहे. पूर्वी एका गुणाने का होईना, पण कोणी तरी पुढे असे. त्यातल्या एकीला आमच्याच एका सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात अभिनंदनही कळवून टाकले होते.

बरोबरी झाल्यास काय करावे याविषयी देणगीदाराने काही लिहून ठेवले आहे का, एवढेच पाहण्यासाठी मी मूळ देणगीपत्र शोधायला घेतले. लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, लाल रुमालात बांधलेल्या दप्तरात ते सापडले. आजवर ते उघडून पाहण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती, किंवा खरे सांगायचे तर मी ती येऊ दिली नव्हती. देणगीदार म्हणजे कोणी कारखानदार किंवा माजी प्राध्यापक असणार, असे मी धरून चालले होते. निघाले आमच्याच प्रयोगशाळेतील एक परिचर. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी आईच्या नावाने ही रक्कम दिली होती. अक्षर ठसठशीत होते आणि अट स्पष्ट होती: जे विद्यार्थी स्वतः मजुरी करून शिकत असतील, त्यांच्यापैकी मराठीत सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यास पारितोषिक द्यावे, तसा कोणी नसेल त्या वर्षी ते देऊ नये व व्याज मुदलात घालावे.

आमच्या रजिस्टरात मात्र ‘मराठी विषयात सर्वाधिक गुण’ एवढेच होते. रजिस्टर टंकलिखित आहे आणि अटींचा रकाना जेमतेम चार बोटे रुंद आहे. कोणी तरी, कधी तरी, त्या रकान्यात मावेल एवढेच वाक्य ठेवले आणि पुढच्या प्रत्येकाने, माझ्यासह, त्यावरून याद्या केल्या. मजुरी करणारे विद्यार्थी नव्हते त्या वर्षांचे व्याज मुदलात गेले असते तर ठेव आज केवढी असती, याचा हिशेब मी कागदाच्या कडेला सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

प्राचार्यांनी देणगीपत्र दोनदा वाचले आणि मराठीच्या विभागप्रमुखांना बोलावले. अट पाळायची यावर मतभेद नव्हता. विश्वस्त निधी देणगीदाराने सांगितलेल्या कारणासाठीच वापरायचा असतो, तेथे आमच्या पसंतीला वाव नाही. वाद झाला तो ‘मजुरी’ या शब्दावर. कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात तासावर काम करणाऱ्यांना मजूर म्हणायचे का? प्राचार्यांचे म्हणणे होते, ते मानधन आहे. विभागप्रमुख म्हणाल्या, “सर, त्या शब्दाचा एवढा कीस काढू नका, ज्याने लिहिलंय त्यानं जन्मभर बीकर धुतलेत.” शेवटी त्यांनीच एका विद्यार्थ्याचे नाव काढले. पेठ तालुक्यातला मुलगा, सरासरी ८.४०, आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. पदवीच्या तिन्ही वर्षांत तो संध्याकाळी पंचवटीतल्या बाजार समितीच्या आवारात मुंबईला जाणाऱ्या भाजीपाल्याच्या गाड्या भरत असे आणि अजूनही भरतो. त्याचा दाखला कोणाकडून मागायचा, हा प्रश्न मी कार्यालयीन सवयीने विचारला. कोणीही उत्तर दिले नाही.

त्याला बोलावून मी सगळे सांगितले. आनंद होईल अशी माझी अपेक्षा होती. तो उभाच राहिला आणि म्हणाला, “मॅडम, स्टेजवर हमाली करतो असं वाचणार का?” प्रत्येक पारितोषिकाची अट निवेदकाने वाचून दाखवायची, ही आमच्याकडची प्रथा आहे, त्या प्रथेकडे या बाजूने मी कधीच पाहिले नव्हते. मी देणगीपत्र त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते सावकाश वाचले, देणगीदाराचे पद असलेल्या ओळीवर थोडा थांबला आणि कागद परत देत म्हणाला, “नाव वाचा. कारण वाचू नका.” प्राचार्यांनी ते मान्य केले.

दोघी विद्यार्थिनींना कळवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पहिलीने ‘बरं’ म्हणून दूरध्वनी ठेवला. जिला अभिनंदन आधीच मिळाले होते, तिच्या घरचे कळवणहून कार्यक्रमासाठी येणार होते. प्राचार्यांनी दोघींना महाविद्यालयातर्फे गुणगौरव प्रमाणपत्र देण्याचे ठरवले आहे, असे मी सांगितले. तिने शांतपणे विचारले, “मॅडम, अट पहिल्यापासून होती, तर मागच्या वर्षीच्या ताईंना कसं दिलं?” आमची चूक झाली, असे मी म्हणाले. त्याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. ती कार्यक्रमाला आली नाही. प्रमाणपत्र मी टपालाने पाठवले.

कारागिराला नाव कळवले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. नंतर सवड काढून मी उरलेली ४० देणगीपत्रे रजिस्टराशी ताडून पाहिली. आणखी तीन ठिकाणी शब्द गळालेले निघाले, त्यांतले एक माझ्याच काळात नव्याने उतरवलेले होते. त्या परिचरांची अट मी रजिस्टरात पूर्ण लिहिली. ती रकान्याबाहेर जाऊन शेजारच्या व्याजाच्या रकान्यात शिरली, आणि मार्चअखेर आलेल्या लेखापरीक्षकांनी ती खाडाखोड समजून तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे.