सारायेवोतली कल्हई : चौथ्या आठवड्याची नोंद

मंडळी, पहिल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की बोस्नियातल्या या शहराला १९९२ ते १९९६च्या युद्धात पडलेल्या वेढ्यावर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करणार. तो बेत बारगळला. साडेअकरा तासांचं फुटेज जमलंय आणि त्यातले पहिले नऊ तास निव्वळ हार्ड डिस्कला भार आहेत.

पहिल्या आठवड्यात मी तेच केलं, जे इथे कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक विद्यार्थी करतो. भिंतींवरची गोळ्यांची भोकं टिपली. फुटपाथवरचे ‘गुलाब’ टिपले, म्हणजे तोफगोळ्याने उखडलेल्या फरशीत लाल राळ ओतून केलेल्या खुणा. नदीकाठची वियेच्नित्सा टिपली. १९९२च्या ऑगस्टमध्ये हे ग्रंथालय पुस्तकांसकट जळालं आणि इमारत पुन्हा उघडली २०१४ मध्ये. केबल कारने त्रेबेविच डोंगरावर जाऊन १९८४च्या ऑलिंपिकची रंगवून टाकलेली बॉब्स्ले घसरगुंडीही झाली. तिथे वाइड शॉटसाठी उतारावरच्या गवतात पाय टाकणार, तेवढ्यात माझ्या दुभाषी मैत्रिणीने बॅगेचा पट्टा धरून मागे ओढलं. डांबरी रस्ता आणि मळलेली वाट सोडायची नाही, एवढंच म्हणाली. या देशातले भूसुरुंग अजून पुरते निघालेले नाहीत. तो शॉट राहिला तो राहिलाच.

वेढा १,४२५ दिवस चालला. मी तो चार दिवसांत उरकला होता. फुटेज बघताना लाज वाटली, खरं सांगते.

दुसरा आठवडा मुलाखतींचा. त्यात एक गंमत झाली. इथे कुणीही बोलायला लागलं की दर दोन वाक्यांमागे ‘प्रिये राता’ येतं. कानाला वाटतं, कुणी जुनं भावगीत आळवतंय. ‘रात’ म्हणजे युद्ध, ‘प्रिये राता’ म्हणजे युद्धाच्या आधी. प्रिये राता ही बेकरी होती, प्रिये राता आम्ही त्या मजल्यावर राहायचो, प्रिये राता ट्राम इथे थांबायची. चाळीस मिनिटांच्या एका मुलाखतीत मी एकतीस वेळा मोजलं. पण कॅमेरा लावून प्रश्न विचारला की तीच माणसं पाठ केल्यासारखी बोलायची. तीस वर्षं परक्यांना तेच सांगून झालंय, त्यांचा काय दोष.

मग काझांजिलुक. जुन्या बाजारातली, बाश्चार्शियातली, तांबटांची गल्ली. शिरायच्या आधीच आवाज आला आणि मी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत पोचले. ठोक्याची लय वेगळी आहे. आपल्याकडे मठारकामाचे ठोके एकामागून एक पडत जातात. इथला कारागीर दोन ठोक्यांनंतर एक हलका ठोका ऐरणीवरच मारतो, जसं काही स्वतःलाच टाळी देतोय.

दुकानाबाहेर काडतुसांच्या पुंगळ्यांची पेनं मांडलेली. आत तोफगोळ्याच्या पितळी नळ्यांवर वेलबुट्टी कोरून केलेल्या फुलदाण्या. मी प्रश्न तयारच ठेवला होता, की ही नळी हातात घेताना काय वाटतं? साठीचा म्हातारा. त्याने मान वर न करता उत्तर दिलं : पितळ तांब्यापेक्षा कडक असतं, छिन्नी लवकर बोथटते.

झालं. मी ट्रायपॉड आवरायला घेतला. तेवढ्यात तो एका जेझ्वाकडे वळला. जेझ्वा म्हणजे लांब दांड्याचं कॉफीचं तांब्याचं भांडं. आतून काळं पडलेलं. माझ्या तोंडून सहज निघालं, ‘कल्हई?’

हात थांबला. ‘कालाय?’

‘कल्हई.’

त्याने फळीवरून पांढऱ्या पुडीचा डबा काढून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, ‘नवसागर.’ तो म्हणाला, ‘निशादोर.’ मैत्रीण दोघांकडे बघत राहिली, तिला भाषांतराला काही उरलंच नव्हतं. फारसीतून आपल्याकडे आणि तुर्कांबरोबर इकडे, शब्द दोन वाटांनी निघालेले. लगेच स्टूल आलं, कॉफी आली, रहात लोकुमची वडी आली. आजीच्या घरी ताक कळकतं म्हणून पितळेची पातेली कल्हईवाल्याकडे जायची, हे मी त्याला सांगितलं. इथे कारागिराला ‘मायस्तोर’ म्हणतात. मी आता सरळ मास्तर म्हणते, आणि त्याला ते चालतं.

तर फिल्म आता एवढीच : एक जेझ्वा, काळा ते पांढरा. सहा मिनिटं.

आता कामाचं. २५ फ्रेम, शटर १/५०. इथली वीजही आपल्यासारखी ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब लुकलुकत नाही. एक स्वस्त एलईडी पट्टी मात्र तरीही नाचत होती, ती मास्तरांना विचारून बंद केली. आवाजाने जास्त छळलं. दुकान सात-आठ फुटांचं, शॉटगन माइकमध्ये ठोका पत्र्याच्या डब्यात मारल्यासारखा येतो. पहिल्या दिवशीचे सगळे ठोके फाटले. आता रेकॉर्डरवर सेफ्टी ट्रॅक, म्हणजे तोच आवाज हळू पातळीवर घेणारी जोडनोंद, २० डेसिबल खाली ठेवते आणि ऐरणीच्या लाकडी ठोकळ्याला पिएझो, म्हणजे कंपनं टिपणारा छोटा माइक, चिकटवलाय. दोन्ही मिसळले की ठोक्याला वजन येतं. कुणी घण किंवा ऐरण रेकॉर्ड केली असेल तर अनुभव जरूर लिहा.

सगळ्यात देखणी वेळ नवसागर टाकल्यानंतरची. तापलेल्या भांड्यातून पांढरा धूर उसळतो, कथलाची कांडी टेकते, कापसाचा बोळा फिरतो आणि दोन सेकंदांत चांदी पसरते. दोनच सेकंद! फोकस ओढायला वेळ नाही. मी लेन्सचं छिद्र लहान करून एफ/८ वर जाते, आयएसओ वाढवते आणि दाराचा उजेड धुरामागे ठेवते.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. गुरुवारी कॅमेरा बंद होता, बॅटरी बदलत होते. भांडं तापेपर्यंत मास्तर आपणहून बोलले. वेढ्यात जेझ्वा कोण घेणार? पत्र्याच्या शेगड्या केल्या त्यांनी. लोक त्यात खुर्च्या जाळायचे, मग दारं, मग पुस्तकं. चालू होता फक्त ठोकळ्यावरचा पिएझो, आणि त्यात माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, निम्मे शब्द कळत नाहीत. पुन्हा सांगा म्हणणार नव्हते. तो तुकडा वापरू का, एवढंच विचारलं. हो म्हणाले. सबटायटल द्यायचं की नाही, यावर मैत्रिणीशी दोन दिवस वाद चालू आहे. ती म्हणते द्यायचं, मी म्हणते नको.

काल चार मिनिटांचा कच्चा कट लॅपटॉपवर दाखवला. चष्मा लावून पाहिला. संपल्यावर मागे घ्यायला लावला, धुराच्या शॉटपर्यंत, तोच माझा लाडका. पडद्यावर नख ठेवून मास्तर म्हणाले, इथे भांडं पुरेसं तापलं नव्हतं, काठाशी कालाय बसलेलं नाही, पाहणारा कारागीर हसेल. मंगळवारी सकाळी आठला ये, पुन्हा करू.

आठला उजेड दारातून तिरका येतो, म्हणजे धूर मागून उजळेल. बॅटऱ्या चारही भरून ठेवते.